जुनी फटफटी आणि नवी : भरंवसा कोणाचा?

आमच्या घरांत गेल्या वैशाखांत एक वाद उपस्थित झाला. वाद जमिनीचा नव्हे, दागिन्यांचा नव्हे, वाड्याच्या पडक्या भिंतीचाहि नव्हे. तो होता पडवींत उभ्या असलेल्या एका जुन्या फटफटीचा. आमच्या पुतण्याची कन्या वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन घाटावरील एका गांवच्या आरोग्यकेंद्रांत नोकरीस लागली. जाण्यायेण्यास वाहन हवें. नवी मोटार-सायकल घेण्याचें ठरत आलें असतां ती एके सायंकाळीं आमच्यापाशीं येऊन बसली व म्हणाली, "आजोबा, नवी कशाला? तुमचीच मला द्या. नव्या गाड्यांच्या इंजिनांचा भरंवसा नाहीं, असें तुम्हीच तर मी लहान असल्यापासून सांगत आलां आहांत."

आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. शब्द आमचेच होते. "पूर्वींचीं इंजिनें तीं इंजिनें, आतांचीं म्हणजे नुसतीं खेळणीं," हें वाक्य ओसरीवर सुपारी कातरीत आम्हीं किती जणांना ऐकविलें असेल, याची गणती नाहीं. ओसरीवरचें वाक्य ओसरीवर राहतें तोंवर ठीक असतें. परंतु त्याच्या आधारावर एक मुलगी रात्रीं दोन वाजतां, भर पावसांत, पसरणीचा घाट चढणार असें दिसूं लागलें, तेव्हां तें वाक्य पारखून घेणें आमचें कर्तव्य झालें. आम्हीं तिच्याकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. हिशेबाच्या जुन्या वह्या माळ्यावरून खालीं काढविल्या. ज्यांच्या हाताखालून शेंकडों गाड्या गेल्या आहेत अशा दोघां वृद्ध मिस्त्र्यांस जाऊन भेटलों. आणि पुतण्यानें आणून दिलेलीं यंत्रांचीं माहितीपत्रकें चष्मा पुसून पुसून वाचलीं. असा वाद एकट्या आमच्याच घरीं निघाला असेल असें नाहीं, म्हणून त्या पंधरा दिवसांत जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पुढचें सारें आयुष्य संस्कृत शिकण्यांत व शिकविण्यांत गेलेलें. यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु 22 वर्षें एकाच गाडीवर वाईहून घाट चढून शाळेंत गेलेल्या मनुष्यास थोडाबहुत अनुभव असतोच.

प्रथम शब्दाचाच विचार करूं, कारण सगळा घोंटाळा तेथेंच आहे. 'भरंवसा' या एका शब्दांत आपण दोन निराळे गुण कोंबतों. न्यायशास्त्रांत हेतु अव्यभिचारी असावा असें म्हणतात. जेथें धूर तेथें अग्नि, यांत कधींहि चूक होतां कामा नये. गाडीविषयीं बोलावयाचें तर, इंजिन हवें तेव्हां चालू झालेंच पाहिजे व मुक्कामापर्यंत चाललेंच पाहिजे, हा झाला अव्यभिचार. दुसरा गुण वैद्यांच्या भाषेंतला. रोग साध्य कीं असाध्य? इंजिन बंद पडलें तर तें जागच्या जागीं, हाताशीं असलेल्या पान्यानें व चिंधीनें, पुन्हां चालू करतां येतें कीं नाहीं? हे दोन गुण एके ठिकाणीं नांदतीलच असें नाहीं. वारंवार आजारी पडणारा पण लंघनानें बरा होणारा मनुष्य, आणि जन्मांत कधीं शिंक न आलेला पण एकदां पडला कीं थेट इस्पितळांतच न्यावा लागणारा मनुष्य, या दोघांत प्रकृतीचा धड कोणाला म्हणावें? आम्ही जुन्या इंजिनांचा जो गौरव करीत होतों तो सारा दुसऱ्या गुणाचा होता, आणि नांव मात्र पहिल्याचें देत होतों.

आमची गाडी कोणत्या कारखान्याची हें मुद्दामच सांगत नाहीं. 1984 सालीं घेतलेली, एका सिलिंडरची, टू-स्ट्रोक जातीची ती आहे, एवढें पुरे. टू-स्ट्रोक म्हणजे दट्ट्याच्या दर दोन धावांत, एक वर व एक खालीं, एक स्फोट. दट्ट्याच्या वंगणासाठीं या इंजिनांत निराळी सोय नसे. पेट्रोलांतच लिटरमागें 40-50 मिलिलिटर तेल मिसळावयाचें, व तेंच जळतां जळतां दट्ट्याला चोपडलें जाई. हलणारे भाग इतके थोडे कीं आमच्यासारख्या व्याकरण शिकविणाऱ्यानेंहि इंजिन उघडून पुन्हां जोडावें. दर रविवारीं संध्या आटोपली कीं पडवींत गोणपाट पसरून आम्ही बसत असूं. प्लग काढून त्याची काजळी खरवडावयाची, पॉइंटांची फट पाहावयाची, कार्ब्युरेटर पेट्रोलांत धुवावयाचा, आणि महिन्या दोन महिन्यांनीं सायलेन्सरच्या आंतली नळी ओढून काढून ती विस्तवांत भाजून तिची काजळी झाडावयाची. या शेवटच्या कामास सौभाग्यवतींचा तीव्र विरोध असे, व तो रास्त होता. त्या वासानें स्वयंपाकघरांत दिवसभर उभें राहवत नसे.

'पॉइंट' या वस्तूविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण जुन्या इंजिनांचें निम्में दुःख तिच्यांत सांठलेलें आहे. ठिणगी नेमक्या क्षणीं पडावी म्हणून विजेचा प्रवाह नेमक्या क्षणीं तोडावा लागतो. तें काम धातूच्या दोन लहानशा बिंदूंकडे असे. फिरत्या आंसावरील उंचवटा एका दांडीस ढकली, बिंदु अलग होत, आणि प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडे. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटास 4,000 फेरे करीत असेल तर हे बिंदुहि मिनिटास 4,000 वेळां अलग होऊन पुन्हां भेटत. त्यांमधील फट साधारण 0.4 मिलिमीटर, म्हणजे जाडशा पोस्टकार्डाएवढी. घासून घासून दांडी झिजे, फट कमी होई, बिंदूंचीं तोंडें जळून खडबडीत होत, आणि ठिणगी अवेळीं पडूं लागे. पावसाची ओल आंत शिरली तर ती मुळींच पडत नसे. नव्या गाड्यांत या जागीं घासणारें कांहींच नाहीं. फिरत्या चक्रावरील खूण जवळून गेली कीं एक लहानसा सेन्सर तिची नोंद घेतो, व पुढचें काम इलेक्ट्रॉनिक पेटी करते. जें घासत नाहीं तें झिजत नाहीं, इतकी ही साधी गोष्ट आहे. आणि आमच्या मतें नव्या इंजिनाच्या थोरवीचा अर्धा वांटा एवढ्याशा गोष्टींत आहे.

दुसरा वांटा पेट्रोलाचा. कार्ब्युरेटरमध्यें आंत जाणाऱ्या हवेच्या ओढीनें एका बारीक छिद्रांतून पेट्रोल शोषलें जातें. छिद्राचें माप ठरलेलें. त्यामुळें वाईस बेताचें असलेलें मिश्रण पांचगणीच्या विरळ हवेंत पेट्रोलानें जड होई, प्लग काळा पडे, इंजिन खोकूं लागे. टांकीच्या तळचा एक कण छिद्रांत अडकला तरी गाडी उभी! आतांच्या गाड्यांत तीच पेटी हवेचा दाब व उष्णता मोजून दर स्फोटास किती पेट्रोल द्यावयाचें तें ठरविते. आपल्या देशांत 1 एप्रिल 2020 पासून धुरासंबंधीचे भारत स्टेज 6 हे नियम लागू झाले, तेव्हांपासून बहुतेक सर्व नव्या मोटार-सायकलींना ही पद्धति आली. नियम केले शहरच्या हवेसाठीं. घाटांतल्या माणसाला त्यांचें फळ निराळेंच मिळालें.

आतां एक गोष्ट सांगतों, जी आमच्या घरीं लहानथोरांस तोंडपाठ आहे. 1993 सालचा आषाढ महिना. दुपारच्या तासाला पोस्टांतला शिपाई शाळेंत निरोप घेऊन आला कीं, मातोश्रींची प्रकृति एकाएकीं बिघडली आहे, असाल तसे निघा. आम्ही खडू खालीं ठेवून निघालों. घाटाच्या मध्यावर इंजिन एकदम आंवळलें, मागचें चाक जागच्या जागीं थिजलें, आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी झाली. फारसें लागलें नाहीं. गाडी उभी केली, पाऊण तास थांबलों, किक मारली, आणि ती चालू झाली! मिस्त्री नाहीं, टेम्पो नाहीं, कांहीं नाहीं. त्याच गाडीनें आम्ही घरीं पोहोंचलों. "आतांची एखादी असती तर तेथेंच राहिली असती," हें या गोष्टीचें भरतवाक्य.

नातीनें ही गोष्ट अनेकदां ऐकली आहे. तिनें कधीं विचारलें नाहीं, व आम्हींहि आपण होऊन कधीं सांगितलें नाहीं, कीं त्या पाऊण तासांत घरीं काय झालें. आम्ही पोहोंचलों तेव्हां मातोश्रींना शुद्धि होती, परंतु वाचा गेली होती. धाकटे बंधु म्हणाले, "अर्ध्या तासापूर्वींपर्यंत तुमचेंच नांव घेत होती." तिसऱ्या दिवशीं ती गेली.

वहींत त्या दिवशींची नोंद आहे : 'उतारावर थांबली. 45 मि. स्वतः चालू केली.' याहून अधिक अक्षर नाहीं. तीस वर्षें उलटून गेल्यावर ही ओळ पुन्हां वाचतांना प्रथमच आमच्या ध्यानीं आलें कीं, जी गोष्ट आम्ही गाडीच्या स्तुतीसाठीं सांगत होतों ती वस्तुतः गाडी बंद पडल्याची गोष्ट आहे. दोष गाडी बांधणाऱ्याचा नव्हता. टू-स्ट्रोक इंजिनास वंगण पेट्रोलाबरोबरच मिळतें. लांब उतारावर मनुष्य ॲक्सिलरेटर बंद ठेवतो. पेट्रोल जात नाहीं म्हणून तेलहि जात नाहीं. पण गिअरमध्यें असलेलें इंजिन चाकांबरोबर फिरतच असतें. दट्ट्या कोरडा पडतो, तापून फुगतो, व सिलिंडरला घट्ट धरतो. यासाठीं उतरतांना मधून मधून ॲक्सिलरेटर थोडा पिळावयाचा असतो. आम्हांस तें ठाऊक होतें. त्या दिवशीं मन ठिकाणावर नव्हतें. परंतु चालविणाऱ्याचें मन ज्या दिवशीं ठिकाणावर नसेल त्याच दिवशीं यंत्रानें त्याला सांभाळून न्यावयाचें असतें ना? जुन्या इंजिनाचा भरंवसा हा पुष्कळ अंशीं चालविणाऱ्याच्या सावधपणाचा भरंवसा होता. आणि आमच्या नातीला घाट चढावा-उतरावा लागणार तो नेमका दुसऱ्या कोणाच्या तरी जिवाची काळजी डोक्यांत असतांना.

मग आम्हीं वह्यांची बेरीजच केली. 1984 पासून 2006 पर्यंत गाडी सुमारें 1,30,000 किलोमीटर चालली. 'थांबली' असा शेरा 63 ठिकाणीं आहे. पैकीं 59 वेळां आम्हीं ती रस्त्यावरच चालू केली. 4 वेळां टेम्पोंत घालून आणावी लागली. पुतण्याची नवी मोटार-सायकल 2020 सालची. ती आजवर सुमारें 52,000 किलोमीटर चालली आहे, व दोन वेळां थांबली आहे. दोन्ही वेळां टेम्पो! एका घराच्या वहीवरून सिद्धान्त बांधूं नये हें आम्ही जाणतों, तथापि हे आंकडे बोलके आहेत. जुनी गाडी नवीपेक्षां दसपटीहून अधिक वेळां थांबली; परंतु टेम्पोंत घालून आणण्याचा प्रसंग दोघींवरहि जवळजवळ सारख्याच प्रमाणांत आला. आणि ज्याची नोंद वहींत नाहीं तो खर्च वेगळाच. रविवारीं सरासरी दीड तास धरला तरी 22 वर्षांत दीड हजारांहून अधिक तास आम्हीं गोणपाटावर बसून घालविले. तेवढ्या वेळांत विद्यार्थ्यांकडून सबंध रघुवंश कितीदां करवून घेतलें असतें! तक्रार नाहीं, ते तास सुखाचे होते. पण डॉक्टरीण झालेल्या मुलीनें ते कोठून आणावे?

आमची गाडी एक, तिचा चालक एक. तेव्हां सर्वांच्या परिचयाचें दुसरें उदाहरण पाहिलें पाहिजे. रॉयल एनफील्डची बुलेट यासाठीं फार सोयीची आहे. इंग्लंडांत रेडिच येथें जन्मलेलें हें नांव 1932 पासूनचें. 1955 सालीं मद्रासेस एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन होऊन ही गाडी आपल्याकडे होऊं लागली. नांव तेंच, बाह्य रूपहि बहुतांशीं तेंच. मात्र आंतलें इंजिन पालटत गेलें. म्हणजे एकाच घराण्यांतील आजोबा, बाप व नातू शेजारीं उभे करून पाहावे तसें आहे.

आजोबा म्हणजे ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचें 346 सी.सी. चें इंजिन. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर. व्यासाहून धाव लांब, म्हणून चाल संथ व ओढ दांडगी. गिअरची पेटी इंजिनापासून वेगळी. किक मारण्याचा विधि तर एखाद्या कर्मकांडासारखा : किल्ली फिरवावयाची, ॲमीटरचा कांटा पाहत पाहत किक हलक्या पायानें दाबावयाची, कांटा मध्यावर आला कीं डिकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून किक तसूभर पुढें सरकवावयाची, आणि मग सारा भार टाकावयाचा. विधींत चूक झाली तर उलट किक बसून घोटा सुजे. झडपांचें अंतर पाहण्याची रीत मात्र मोठी सुंदर होती. इंजिन थंड असतां, दट्ट्या वरच्या टोंकास आणून, झडप उचलणारी काठी दोन बोटांत धरून फिरवून पाहावयाची. ती सहज फिरली पाहिजे, परंतु वरखालीं हललेली जाणवतां कामा नये. मापाचें उपकरण म्हणून लागत ती मनुष्याचीं दोन बोटें. संथ चालीनें हें इंजिन वर्षानुवर्षें जाई. पण दट्ट्याच्या दांड्याच्या मोठ्या टोंकाशीं त्यांत गोळ्यांच्या बेअरिंगऐवजीं साधें बुश असे. ताशीं 80-90 किलोमीटरच्या वेगानें मैलोगणती हाणलें तर तें टिकत नसे. जोडांतून तेल पाझरणें तर इतकें नित्याचें कीं, खालीं थेंब दिसला नाहीं तर आंत तेल नाहीं असें समजावें, हा चालविणाऱ्यांचा ठरलेला विनोद होता.

2008-09 च्या सुमारास दुसरी पिढी आली. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, गिअरची पेटी इंजिनाच्याच अंगांत, पॉइंट नाहींत, आणि झडपांचें अंतर तेलाच्या दाबानें आपोआप राखलें जाण्याची सोय. म्हणजे तें दोन बोटांचें शास्त्र संपलें. लोखंडी इंजिन 2010 च्या सुमारास बंद झालें. तिसरी पिढी 2020 सालच्या नोव्हेंबरांत मिटिऑर या गाडींतून प्रथम आली व 2023 सालीं खुद्द बुलेटला मिळाली. व्यास 72, धाव 85.8 मिलिमीटर, 349 सी.सी. दट्ट्याचा हादरा तोलून धरण्यासाठीं तींत एक जास्तीचा फिरता दांडा बसविला आहे. हादरा हा केवळ अंगाला त्रास देतो असें नव्हे; तो बोल्ट सैल करतो, दिव्यांच्या तारा तोडतो, टांकीला चीर पाडतो. लोकांना जुन्या इंजिनाचा जो ठेका इतका प्रिय, त्याच्या पाठीशीं हाच हादरा होता, हें सांगितलें तर पुष्कळांस रुचणार नाहीं.

हा पालट जगांत याहून पुष्कळ आधीं झाला होता. जपानच्या होंडा कंपनीनें 1969 सालीं सी.बी. 750 ही चार सिलिंडरांची गाडी आणली. बटनानें चालू होणारी आणि खालीं तेल न ठिबकणारी गाडी पाहून इंग्लंडच्या जुन्या कारखान्यांचे धाबे दणाणले. आमच्याकडे तो अनुभव 1985 सालीं हिरो होंडाच्या सी.डी. 100 नें लहान प्रमाणांत दिला. 97 सी.सी. चें तें चिमुकलें इंजिन पाहून आम्हीं त्या वेळीं नाक मुरडलें होतें. खेड्यांतले दूधवाले आमच्याहून शहाणे निघाले.

तरीहि एक आक्षेप राहतोच, व तो आमच्या नातीनेंच घेतला. "मग आजोबा, इतक्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात त्या कशा?" प्रश्न मार्मिक आहे. पण दिसतात त्या कोणत्या? ज्या टिकल्या त्याच दिसणार. ज्यांचे दट्ट्ये फुटले, ज्यांचीं बुशें गेलीं, ज्यांना रविवार देणारा धनी मिळाला नाहीं, त्या केव्हांच भंगारांत गेल्या. त्यांची साक्ष काढावयास कोण जाणार? आम्ही म्हणतों पूर्वींचे कवि थोर. पण पूर्वींचे सामान्य कवि काळानें पुसून टाकले, हें आम्ही विसरतों. खुद्द कालिदासालाहि एके काळीं नवा कवि म्हणूनच जुन्यांच्या शेजारीं उभें राहावें लागलें होतें. वर्गांत हें आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें, आणि पडवींतल्या गाडीला लावून पाहिलें नाहीं!

याचा अर्थ नव्या इंजिनांची आरती ओंवाळावी असा नव्हे. पुतण्याची गाडी पहिल्यांदां बंद पडली ती आमच्याच वाड्यांतल्या उंदरांमुळें. त्यांनीं एका रात्रींत एक तार कुरतडली. सकाळीं गाडी हूं कीं चूं करीना. जुन्या गाडींत तारा मोजक्या. कोठली तुटली तें डोळ्यांनीं दिसे, व पिळून चिकटपट्टी गुंडाळली कीं काम होई. येथें एका जाड वेणींत ढीगभर तारा. टेम्पो बोलवावा लागला. दुसऱ्यांदां सुरूरच्या फाट्यावर एक पिवळा दिवा लागला व इंजिन थांबलें. दिवा कांहीं तरी सांगत होता, पण तें समजण्यासाठीं जें यंत्र जोडावें लागतें तें आसपास कोठेंच नव्हतें. दुसऱ्या दिवशीं निदान झालें : एका जोडांत पाणी शिरलें होतें. जोड पुसून पुन्हां लावला, झालें! रोग सर्दीचा, आणि वैद्य वीस कोसांवर. शिवाय बॅटरी पार उतरली तर या गाड्या ढकलूनहि चालू होत नाहींत, कारण पेट्रोल पोहोंचविणारा पंपच विजेवर चालतो.

आणखी एक भेद मिस्त्र्यांच्या बोलण्यांतून ध्यानीं आला. जुन्या गाडीचा दोष त्या एका गाडीचा असे. शेजारची तशीच गाडी त्यापासून मोकळी. नव्या गाड्यांत एखादा भाग मुळांतच सदोष निघाला तर तो लाखों गाड्यांत सारखा जातो. 2021 सालच्या मे महिन्यांत रॉयल एनफील्डनें सुमारें 2,37,000 गाड्या तपासणीसाठीं परत बोलाविल्या; ठिणगीला वीज पुरविणाऱ्या कॉईलींत दोष आढळला होता. प्रत्यक्षांत दहांपैकीं एकीहून कमी गाड्यांस तो भाग बदलावा लागेल असा कंपनीचा अंदाज होता. जुन्या काळीं असा दोष ज्याचा त्यानें रस्त्यावर शोधून काढावयाचा. आतां तो कारखाना आपण होऊन कळवितो, हेंहि खरें.

मिस्त्र्यांपैकीं जे वडील, त्यांना आम्हीं सरळच विचारलें कीं घरच्या मुलीला कोणती द्याल? ते हंसून म्हणाले, "गुरुजी, जुन्या गाड्यांनीं माझीं पोरें शिकलीं, म्हणून मी त्यांच्या पायां पडतों. पण माझ्या पोरीला मी नवीच घेऊन दिली." इतकें सांगून ते पुन्हां कामाला लागले. त्यांच्याच तोंडून दुसरी एक गोष्ट कळली. 2023 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें आहे. नव्या गाड्या त्यासाठीं बांधलेल्या असतात, जुन्यांच्या रबरी नळ्या व वॉशर मात्र त्यानें लवकर कुजतात, आणि टांकींत पाणी ओढलें जातें. म्हणजे आमच्या म्हातारीला आतां अन्नहि सोसेना.

मुदत संपल्या दिवशीं आम्हीं नातीला ओसरीवर बोलावून वही तिच्यापुढें ठेवली व 1993 ची ती ओळ दाखविली. पाऊण तासाचा उरलेला भागहि सांगितला. ती बराच वेळ वहीवर बोट ठेवून बसली होती. मग म्हणाली, "आजोबा, नवीच घेऊं." थोड्या वेळानें पुन्हां म्हणाली, "पण पॉइंट कसे लावतात तें मला दाखवाल ना?"

आषाढ लागण्यापूर्वीं नवी गाडी आली. कोणती, तें येथेंहि सांगत नाहीं. तिच्या पेटींत विजेरी, जास्तीचे फ्यूज व टेम्पोवाल्याचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेलें पुठ्ठ्याचें कार्ड आम्हीं स्वतः ठेवलें. जुनी गाडी पडवींतच आहे, आणि सुटीच्या रविवारीं गोणपाटावर आतां दोघे जण बसतात. तिचीं बोटें आमच्याहून बारीक, त्यामुळें पॉइंटांची फट तिला चटकन साधते. नव्या गाडीच्या नांवानें एक नवी वही घातली आहे. 'थांबली' हें सदर अजून कोरें आहे. उंदरांचा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं. मांजर पाळावें असें सौभाग्यवतींचें मत, धाकट्या बंधूंना मांजरांचे केस सोसत नाहींत. तूर्त रात्रीं गाडी आंत आली कीं तिच्या बैठकीखालीं डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी ठेवण्याचें काम आमच्याकडे आहे.